दुसरा रकाना

मंडळाचं पत्र आलं तेव्हा मी ॲम्ब्युलन्सच्या मागच्या पायरीवर बसून उकडलेल्या शेंगा खात होते. पत्रात चारच ओळी होत्या. एक तर कानामागच्या पट्टीचं शमन कायमचं चालू ठेवायचं, नाहीतर गाडी चालवायचा परवाना परत करायचा, आणि यातलं काय करणार ते दहा तारखेला साताऱ्याला सुनावणीत येऊन सांगायचं. खाली सही होती डॉ. धुमाळ, अध्यक्ष, चालक स्वास्थ्य मंडळ. मी उरलेल्या शेंगा संपवल्या आणि टरफलं पत्राच्या पाकिटात भरून कचऱ्यात टाकली. तेवढंच समाधान.

माझं नाव हर्षला शेडगे, वय तेहेतीस. पाटणच्या एका रुग्णालयाची ॲम्ब्युलन्स मी सात वर्षं चालवते. कुंभार्ली घाटातलं कुठलं वळण कुठे फसवतं ते मला झोपेतून उठवून विचारा. आणि मला बॉर्डरलाइनचा आजार आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर कळलं की लोक माझं मागचं सगळं वागणं नव्यानं तपासायला घेतात.

आजार म्हणजे काय, तर इतरांना जिथे चिमटा बसतो तिथे मला चटका बसतो आणि तो उतरायला तिप्पट वेळ लागतो. कुणी फोन उचलला नाही तर ‘कामात असेल’ हे मला सुचतच नाही. सोडून गेला, हे एकच सुचतं. एकोणिसाव्या वर्षी मी जीव द्यायला निघाले होते. डाव्या हातावर त्याचे आणि त्याआधीचेही व्रण आहेत. उन्हाळ्यात मी बाह्या दुमडते. ज्याला बघायचं त्यानं बघावं.

त्यानंतर मला खरात मॅडम भेटल्या. कराडात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या हॉलमध्ये दर गुरुवारी त्या आठ-दहा जणांना घेऊन बसायच्या. उपचाराचं नाव भारदस्त होतं, द्वंद्वात्मक वर्तन उपचार. आम्ही डीबीटी म्हणायचो, आणि नाना, म्हणजे माझे वडील, पहिले सहा महिने समजत होते की सरकारचं कसलंतरी अनुदान माझ्या खात्यात जमा होणार आहे.

या उपचाराचा पाया असा, की एकमेकींच्या उलट असलेल्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तू आहेस तशी ठीक आहेस, आणि तुला बदलायलाच हवं. पहिल्या गुरुवारी हे ऐकून मी उठले आणि दाराकडे निघाले. मॅडमनी अडवलं नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, की जाताना बघून जा, रागात असताना चपलेत आधी कुठला पाय घालतेस. मी बघितलं. उजवा घालते. ते बघण्यात राग थोडा हुकला आणि मी परत येऊन बसले, ती चौदा वर्षं बसतेच आहे.

मॅडमनी आम्हाला दिलं ते एक कार्ड. रोज संध्याकाळी भरायचं. पहिल्या रकान्यात लिहायचं की आज काय करून टाकावंसं वाटलं आणि किती जोरात, शून्यापासून पाचापर्यंत. दुसऱ्या रकान्यात प्रत्यक्षात काय केलं ते. काहीच केलं नसेल तर शून्य. अख्खा उपचार या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर उभा आहे. पहिल्या रकान्यातल्या पाचाबद्दल मॅडम चौदा वर्षांत मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. दुसऱ्या रकान्यात मात्र काही आलं, की घटनेची साखळी कडीकडीनं लिहून काढायला लावायच्या. त्यांना फोन करायचा तोही काही करण्याआधी, केल्यावर नाही.

मधली रेघ सांभाळायला काही कसबं असतात. त्यातलं माझं आवडतं गार पाण्याचं. बर्फासारख्या पाण्यात चेहरा बुडवून तीस सेकंद श्वास रोखायचा. शरीराला वाटतं, आपण पाण्याखाली गेलो, प्राणवायू जपून वापरायला हवा, आणि ते हृदयाचे ठोके झटकन खाली आणतं. भडकलेलं डोकंही त्याबरोबर खाली येतं. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी हे करायचं नसतं, पण माझं हृदय घोड्याचं आहे.

मग ‘निवांत’ आली.

रुपयाच्या नाण्याएवढी पट्टी, कानामागे चिकटवायची. तिची दोन कामं. पहिलं नोंद. कातडीवरचा घाम, दोन ठोक्यांमधलं अंतर आणि श्वासाची लय यांवरून ती मनातली खळबळ मोजते आणि तिची रेघ काढते. रेघ हिरवी, पिवळी, तांबडी. दुसरं काम शमन. मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पुढे आतड्यांपर्यंत जाणारी एक मोठी नस आहे, शरीराला थंड करणारी. तिची एक बारीक फांदी कानापाशी कातडीच्या अगदी जवळ येते. रेघ पिवळ्यातून तांबड्यात शिरायला लागली, की पट्टी त्या फांदीला हलका विद्युतप्रवाह देते आणि खळबळ उसळायच्या आधीच बसते. माणसाला कळतही नाही की काही येत होतं.

यंत्र खोटं नाही. आमच्या गटात अस्लम मुजावर सर होते, गणित शिकवायचे. त्यांचा राग आणि त्यापाठची दारू यांनी त्यांचं घर मोडलं होतं, आणि तीन वर्षं गटात बसून, प्रामाणिकपणे कार्ड भरूनही त्यांचा दुसरा रकाना कोरा होत नव्हता. पट्टी लावल्यावर चार महिन्यांत बायको-मुलं परत आली. त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला मी दोन वाट्या खीर खाऊन आले आणि सरांच्या कानामागच्या त्या पट्टीला मनातल्या मनात हात जोडले. तेव्हा यंत्राच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांतली मी नाही. मला ते नको आहे, इतकंच.

पुढे टँकरचा एक मोठा अपघात झाला आणि नियम आला. अवजड आणि तातडीच्या गाड्यांच्या सगळ्या चालकांना नोंदीसाठी पट्टी सक्तीची. पट्टी गाडीला जोडलेली. चालकाची अवस्था धोक्याची वाटली तर उभी गाडी सुरूच होत नाही. आणि ज्यांच्या कागदावर मानसिक आजार आहे, त्यांची रेघ एका ‘जवळच्या व्यक्ती’च्या फोनवरही दिसायची. माझी जवळची व्यक्ती एकच, नाना. आई मी आठवीत असतानाच गेली.

नाना एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. गाडी मला त्यांनीच शिकवली. माझी रेघ तांबडी झाली की वाजायला त्यांनी फोनवर एसटीचा हॉर्न लावून घेतला. एकदा मी घरी कबड्डीचा सामना बघत होते, शेवटच्या चढाईला रेघ तांबडी झाली आणि नाना हातात उलथणं घेऊन स्वयंपाकघरातून धावत आले. तेव्हा आम्ही दोघं हसलो. नंतर हसणं संपलं. पूर्वी मी कामावरून आले की नाना विचारायचे, आज कसं काय. आता ते आधी फोन बघायचे आणि मग माझ्याकडे. पुढे पुढे माझ्याकडे बघायचंही राहून जायला लागलं.

त्यांच्यासाठी म्हणून मी दोन आठवडे शमन चालू करून बघितलं. घरात आनंदीआनंद होता. मी कुणावर भडकले नाही, दार आपटलं नाही. नाना शेजाऱ्यांना सांगत सुटले की पोरगी सुधारली. नवव्या दिवशी मोरगिरीजवळून एका तरुण माणसाला घेऊन निघाले, मागे त्याची बायको बसली होती, आणि तो वाटेतच गेला. तिचा आवाज मी आरशातून बघावं तसा ऐकला. रुग्णालयात त्याला उतरवलं, गाडी धुतली आणि पायरीवर बसून डबा खाल्ला. वांग्याची भाजी छान झाली होती. संध्याकाळी कार्ड भरायला घेतलं आणि पहिल्या रकान्यात लिहायला काहीच नव्हतं. दु:ख शून्य. त्या शून्याची मला जेवढी भीती वाटायला हवी होती तेवढीही वाटली नाही. म्हणून दोन आठवडे भरताच मी शमन बंद केलं आणि मग एक दिवसभर रडले, त्या बाईसाठी, उशिरा का होईना.

घाटात गाडी चालवताना मला भीती हवी असते. वळणापलीकडे काय असेल याची धास्ती पायापर्यंत पोचली तरच पाय वेळेवर ब्रेकवर जातो. हे नानांना मी सांगायची गरज नव्हती. बत्तीस वर्षं त्यांनीही तशीच गाडी चालवली होती.

आता ज्या प्रकरणामुळे मंडळाचं पत्र आलं ते सांगते. त्या दिवशी सकाळी मी कॉलेजमधल्या एका मुलीला घेऊन आले. तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वाचली. पण स्ट्रेचर ओढताना तिची आई मुलीला सारखी एकच गोष्ट विचारत होती, ‘असं का केलंस, बाळा?’ आणि तो प्रश्न मला चौदा वर्षांपूर्वी विचारला गेला होता. पहिला रकाना पाच. मला काय करावंसं वाटलं ते लिहीत नाही, ओळखायला कठीण नाही. मी वॉर्डामागच्या बेसिनमध्ये शीतपेटीतला बर्फ ओतला, बूच लावलं, पाणी सोडलं आणि चेहरा बुडवला. एक ते तीस मोजले. पुन्हा एकदा. डोकं ताळ्यावर आलं. चेहरा पुसत बाहेर आले तर काम आलेलंच होतं, एका वाडीवरून बाळंतपणाची बाई आणायची होती. किल्ली फिरवली आणि गाडी सुरू होईना.

पट्टीनं बघितलं होतं की ठोके एकशेतीसवरून एकदम पन्नासाच्या खाली आले आणि श्वास थांबला. तिच्या हिशेबात मी बेशुद्ध होते. गाडीला कुलूप पडलं, ते बावीस मिनिटं उघडलं नाही. ती बाई दुसऱ्या गाडीची वाट बघत जीपमध्ये बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, त्यात माझी काही करामत नाही. कंपनीच्या अहवालात लिहून आलं की चालकानं यंत्राशी छेडछाड केली.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नाना ओसरीवर मेथी निवडत बसले होते. मी शेजारी बसले आणि काड्या बाजूला करायला लागले. अर्धी जुडी संपल्यावर ते म्हणाले, “पोरी, चालू कर की ते शमन. काय बिघडतंय?”

मी मोरगिरीच्या त्या बाईबद्दल सांगितलं, भाजीच्या चवीबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“तुला काय वाटतं ते तुला ठावं,” ते म्हणाले. “दार मी फोडलंय. तू आत होतीस, तुला कुठं काय आठवतंय.”

आमच्या न्हाणीघराच्या दाराला चौदा वर्षं कडी नाही. त्या दिवशी नानांनी खांदा मारून दार उघडलं, कडी तुटली, आणि नंतर त्यांनी दार दुरुस्त केलं पण कडी बसवली नाही. पाहुणे आले की आत बसून गाणी गुणगुणतात, म्हणजे बाहेरच्याला कळावं. मी कधी कडीबद्दल विचारलं नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

त्या दुपारी मी जवळजवळ हो म्हणणार होते. म्हातारा माणूस, त्याला डोळा लागावा म्हणून एक बटण दाबायचं, एवढंच तर होतं. खरात मॅडमना फोन केला. गटात आता आम्ही चारच उरलो होतो, बाकीचे पट्टीवर गेले होते, पण मॅडम गुरुवारी हॉल उघडतात म्हणजे उघडतात. त्यांनी सल्ला दिला नाही. विचारलं, की तुला जगावंसं वाटेल असं जगणं कुठलं, ते आधी सांग. मी म्हटलं, घाटातलं. मग त्या म्हणाल्या, नानांची भीती खरी आहे आणि तुझं नाही म्हणणंही खरं आहे, यातलं एक खोटं पाडायच्या नादाला लागू नकोस. फोन ठेवला आणि मी चौदा वर्षांची कार्डं माळ्यावरून खाली काढली. दोन बॅगा भरल्या.

दहा तारखेला नाना माझ्याबरोबर आले. मी नको म्हटलं तरी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले.

मंडळाचे तिघं जण होते, पण बोलणारे एकटे धुमाळ. कंपनीच्या वतीनं मधुरा बेंद्रे नावाची इंजिनिअर आली होती, माझ्याच वयाची. तिनं भिंतीवरच्या पडद्यावर माझी रेघ लावली. पिवळी होती, सुनावणीला आलेल्या कुणाचीही असावी तशी. धुमाळ म्हणाले की तुलनेसाठी निरोगी माणसाची रेघही शेजारी असू द्या, आणि हौसेनं स्वत:च्या कानामागे पट्टी लावून घेतली. त्यांची रेघ हिरवीगार आली. तिच्याकडे त्यांनी कौतुकानं एकदा बघून घेतलं.

मग आरोप वाचून झाले. मी दोन्ही बॅगा टेबलावर ठेवल्या आणि कार्डांबद्दल सांगायला लागले. धुमाळांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, रुग्णानं स्वत:बद्दल स्वत: लिहिलेलं आम्हाला पुरावा म्हणून चालत नाही. आणि मुळात वाद कशाला, शमन सक्तीचं करा अशी विनंती तुमच्या घरूनच आली आहे.

त्यांनी कागद वाचला. माझ्या मुलीच्या जिवाला धोका आहे, तरी तिचे शमन कायम चालू ठेवण्याचा आदेश व्हावा. आपला विश्वासू, सर्जेराव शेडगे. तारीख मंडळाचं पत्र येण्याच्या आठ दिवस आधीची. म्हणजे ओसरीवर मेथी निवडताना नानांनी सही आधीच केलेली होती.

पाच. वर आकडा नाही म्हणून पाच. पडद्यावरची माझी रेघ तांबड्यात घुसली आणि छताला जाऊन टेकली, आणि मागे नानांच्या खिशात एसटीचा हॉर्न वाजायला लागला. मला खुर्ची फेकावीशी वाटली. नानांकडे वळून म्हणावंसं वाटलं, की तुम्ही मला मेलात. तिथून निघून सरळ घाट गाठावासा वाटला, आणि पुढचंही वाटलं. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, तळवे वर, बोटं सैल. मॅडमनी शिकवलेलं. मुठी वळल्या की राग वाढतो, तळवे उघडे ठेवले तर त्याला धरायला जागा राहत नाही.

“हात पसरून काय मागताय?” धुमाळांनी विचारलं.

“काही नाही. हातात काही नाही, हे बघतेय.”

त्यांनी पडद्याकडे बोट दाखवून इतर दोघांना सांगितलं की मी म्हणतो ते हेच, बघा. मग मी शिपायाला एक बादली पाणी मागितलं, कूलरमधलं, गार. बेंद्रेनं मान डोलावली म्हणून त्यानं आणलं. ओढणी खांद्यामागे टाकून मी सगळ्यांसमोर बादलीत तोंड घातलं आणि तीसपर्यंत मोजलं.

वर आले तेव्हा खोलीत पडद्यातून बाईचा आवाज घुमत होता: चालक प्रतिसाद देत नाही, चालक प्रतिसाद देत नाही. मी चेहरा पुसत पडद्यासमोर उभी होते. रेघ हिरव्यात उतरली होती. बेंद्रेला विचारलं, की तुमच्या माहितीत हा नमुना होता का. ती प्रामाणिक निघाली. म्हणाली, नव्हता. बेशुद्धीच्या नोंदी होत्या, चक्कर येण्याच्या होत्या, पण स्वत:ला शांत करायला कुणी मुद्दाम असं करत असेल हे आमच्यापैकी कुणाला माहीतच नव्हतं. आम्ही कधी कुणा रुग्णाला विचारलं नाही.

“मग छेडछाड कुणी केली?” मी म्हटलं.

धुमाळांचा चेहरा बदलला. हा दवाखाना आहे की सर्कस, असं काहीतरी ते ओरडले, आणि मी आणखी बोलायला तोंड उघडताच त्यांनी टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की माझी एक बॅग खाली पडली आणि कार्डं फरशीवर पसरली.

बेंद्रेनं सवयीनं पडद्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. निरोगी माणसाची रेघ तांबडी झाली होती.

मी खाली वाकून कार्डं गोळा करायला लागले. घाई केली नाही. गोळा करता करता बोलत राहिले, कारण उभं राहून बोलले असते तर आवाज चढला असता.

“मघाशी माझी रेघ यांच्या रेघेच्या कितीतरी वर होती,” मी म्हटलं. “मी खुर्चीत बसून राहिले. यांनी टेबल आपटलं. तुमच्या यंत्राला पहिला रकाना दिसतो, दुसरा दिसत नाही. मला काय वाटतं याच्यावर तुम्ही माझा परवाना काढणार असाल, तर यांचाही काढा. मी काय करते याच्यावर ठरवणार असाल, तर ही चौदा वर्षांची कार्डं आहेत. दुसरा रकाना शेवटचा भरला त्याला अकरा वर्षं झाली. पाच आणि शून्य, पाच आणि शून्य. ती पाचं मी कमावलेली आहेत. ती मी कुणाला पुसू देणार नाही.”

धुमाळांनी कानामागची पट्टी काढून टेबलावर ठेवली. मग आवाज शक्य तेवढा खाली आणून त्यांनी नानांना विचारलं, की तुमचं पत्र अजून कायम आहे ना.

नाना उभे राहिले. खिशातला हॉर्न माझी रेघ उतरली तेव्हाच थांबला होता, त्यांनी फोन बाहेर काढला आणि हातात धरला.

“पत्र मीच लिवलंय,” ते म्हणाले. “त्यात खोटं कायबी न्हाई. हिला मी या हातांनी उचललीय, साहेब. तवापासनं मला वाटायचं, हिच्या मनात वादळ उठलं की पोरगी गेली. फोनवर तांबडं दिसलं की मी हातातलं टाकून पळायचो. फोनवर फक्त तांबडं दिसतं. मघाशी माझ्या सहीनं ते झालं आन् ही बसून ऱ्हायली. बसून ऱ्हाताना मी हिला कधी बघितलंच नव्हतं.” मग म्हणाले, “पत्र माघारी द्या.”

आम्हाला तासभर बाहेर बसवलं. बाकावर मी आणि नाना एका टोकाला एक असे बसलो, मधे दोन्ही बॅगा. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची मायाही येत होती. दोन्ही पुरेपूर.

निकाल अर्धामुर्धाच लागला. शमनाची सक्ती नाही. सहा महिने फक्त नोंद, आणि दर महिन्याला कार्ड मंडळाकडे पाठवायचं, दोन्ही रकान्यांसकट. कंपनीनं गार पाण्याचा नमुना यंत्रात घालायचा, तोवर माझ्या गाडीला पट्टीचं कुलूप नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सुनावणी. धुमाळांनी सही करताना माझ्याकडे बघितलं नाही आणि मी आभार मानले नाहीत. माझ्या हक्काचंच मला परत मिळालं होतं, तेही हप्त्यानं. मी त्यांना एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी येईन तेव्हा एकटी येणार नाही. जिल्ह्यात आमच्यासारखे सतरा चालक आहेत, मी यादी काढली आहे. बेंद्रेनं जिन्यात गाठून खरात मॅडमचा नंबर घेतला.

परत येताना गाडी मी चालवत होते, नाना शेजारी. नागठाणे मागे पडलं. मग त्यांनी समोर रस्त्याकडे बघत विचारलं, “पत्र वाचलं तवा किती झालं?”

“पाच.”

“आन् केलं काय?”

“शून्य.”

त्यांनी मान डोलावली. मग स्वत:हूनच म्हणाले, “माझंबी चार झालं असंल.”

“मग काय केलंत?”

“हॉर्न काढून टाकला फोनमधनं.”

उंब्रजला वळताना त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मला वाटलं, चहा. ते उतरून हार्डवेअरच्या दुकानात गेले, चांगली दहा मिनिटं लावली, आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. सीटवर बसून त्यांनी कागद उलगडला आणि बरोबर चार स्क्रू आहेत ना ते मोजून बघितलं. पितळी कडी होती, आतून लावायची.

घरी पोचेपर्यंत ती त्यांनी हातातून खाली ठेवली नाही. दारावर खुणा त्यांनी केल्या, स्क्रू मी पिळले.